आधी इंजिन, मग पाणी

"मास्तर, उलटा हात लाव. सुलटा भाजला तर जेवशील कशान?"

मस्कतच्या किनाऱ्यावर आमचं जेट-स्की भाड्याने देण्याचं यार्ड आहे. पाण्यावर पळणाऱ्या त्या स्कूटरींचे मेकॅनिक म्हणजे चाचा, आणि मी बुकिंगच्या टेबलावरचा माणूस. दिवसभर रजिस्टरात लिहितो म्हणून त्यांच्या लेखी मास्तर. गरम एक्झॉस्टजवळ हात न्यायचा तर पंजाची मागची बाजू पुढे करायची, हा त्यांचा दंडक. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांच्या पाठीवर मात्र एक केस शिल्लक नव्हता.

ते रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. मस्कतच्या वादी अदाई भागात गाववाल्यांबरोबर एका खोलीत राहायचे. कधी आमच्या अल् घुब्राच्या घरी जेवायला यायचे. माझी लेक त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची आणि चाचा न अडखळता आपल्या गावच्या बोलीत उत्तर द्यायचे. दोन-चार जेवणांत पोरगी "नको"ऐवजी "नाय नको" म्हणायला लागली. बायको वैतागली. मला मात्र बरं वाटलं, निदान मराठीत नकार तरी देतेय.

आता त्यांचं काम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. जेट-स्कीचं एक्झॉस्ट समुद्राच्याच पाण्याने थंड होतं आणि ते पाणी मागून बाहेर पडतं. आत मीठ राहतं. म्हणून रोज काम संपलं की नळीने गोडं पाणी सोडून ते धुवायचं. इथे क्रम चुकवायचा नाही.

"आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन," चाचा म्हणायचे. "इंजिन फुंकर मारतंय तवर पाणी बाहेर जातं. फुंकर नसली की इंजिनाच्याच घरात घुसतं." मग मागून पडणाऱ्या धारेखाली उलटा हात धरायचे. पाणी कोमट लागलं की मान हलवायची, दुसऱ्या मशीनकडे वळायचं. चार वर्षं मी हे ऐकत होतो. ऐकून ऐकून मला वाटायला लागलं होतं की आपल्यालाही येतं.

तो शुक्रवार होता. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. मालकाचा, म्हणजे आमच्या अर्बाबचा सकाळीच फोन आला होता की पाहुणे येताहेत, नवी मशीन धुऊन ठेवा. म्हटलं, त्यात काय एवढं. नळी जोडली आणि नळ सोडला. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, त्याच्याशी बोलत बसलो. परत येऊन स्टार्टर दाबला. खट् आवाज झाला. पुन्हा दाबला. पुन्हा दाबला.

मग मी नळ बंद केला, नळी नीट गोल गुंडाळली आणि आत जाऊन रजिस्टर उघडून बसलो. हो, नळी गुंडाळायला मला वेळ होता.

चाचा आले. त्यांनी प्लग काढले, आतून पाणी आलं. इंजिनातला दांडा वाकला होता. त्यांनी नळीकडे पाहिलं. ते ती कधी गुंडाळत नसत, खिळ्यावर टांगत. मग त्यांनी माझ्या ओल्या चपलांकडे पाहिलं. मी कालचंच पान पुन्हा वाचत होतो.

संध्याकाळी अर्बाबने दोघांना उभं केलं. "कोणी केलं?"

मी बोलणार होतो, खरंच. पण लेकीची दहावी डोळ्यांपुढे आली, नोकरी गेली की व्हिसा गेला, ते आलं, आणि मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. चाचा थांबले होते. चांगले थांबले होते, मला पुरेसा वेळ देऊन. मग म्हणाले, "माझ्याकडून झालं, अर्बाब. नमाजाची घाई होती."

नमाजाच्या नावावर खोटं बोलणारा तो माणूस नव्हता.

"खलास," अर्बाब म्हणाला. चाचांचा व्हिसा त्याच महिन्यात वाढवायचा होता. तो वाढवला नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला एका मशीनपाशी बोलावलं. "नवा माणूस येईतो तुलाच करायचंय. करून दाखव." मी इंजिन चालू केलं, मग लगेच पाणी सोडलं. चाचांनी धारेखाली उलटा हात धरला. "आता बरोबर."

"चाचा, त्या दिवशी..."

"पोरीची परीक्षा कधी हाय?" ते म्हणाले.

मी तारीख सांगितली. पुढचं वाक्य मला म्हणावं लागलं नाही आणि मला सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला त्या शुक्रवारापेक्षा जास्त वाटते.

लेक पास झाली. चाचा गावी आहेत. त्यांना फोन करायचा म्हणून नंबर काढतो आणि परत ठेवतो.

यार्डात मेकॅनिक टिकत नाहीत. नवा माणूस आला की अर्बाब त्याला मशीनपाशी नेतो आणि अरबीत समजावतो. त्याचं हिंदी करायला मला बोलावतात. "पहले इंजिन, फिर पानी," मी सांगतो. "यहाँ एक बूढ़ा था, उसने उलटा किया. मशीन गई, नौकरी भी गई." नवा माणूस हसतो. अर्बाब माझ्याकडे बघतो, म्हणून मीही हसतो.

आतापर्यंत तिघांना सांगून झालंय.