गीझर अद्याप न फुटल्याबाबत

जगातली प्रत्येक वस्तू एक ना एक दिवस फुटणार आहे, यावर आमच्या ह्यांच्या मामांचा जेवढा गाढ विश्वास होता, तेवढा देवावरही असलेला माणूस मी अख्ख्या दिल्लीत पाहिला नाही. कुकर फुटणार, टीव्हीची काच फुटणार, फ्रिजच्या मागे जे काळं, गोल काहीतरी असतं ते फुटणार. आणि एखादी वस्तू वर्षानुवर्षं फुटली नाही, तर ती टपून बसली आहे एवढाच त्याचा अर्थ. यात मामांचा फारसा दोष नव्हता. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात त्यांनी उभी नोकरी अपघातांचे अहवाल तपासण्यात घालवली होती. तुम्हाला-मला जिथे इस्त्री दिसते, तिथे मामांना इस्त्रीची फाईल दिसायची: कोणत्या गावी, कोणत्या वेळी, कशामुळे आणि मागे कोण कोण उरलं यासकट.

हे सगळं मामा भीती म्हणून कधी कबूल करत नसत. “भीती वेगळी, सावधगिरी वेगळी,” असं ते भिंती हादरतील अशा आवाजात सांगत. या सावधगिरीसाठी त्यांनी एक काठी केली होती. तिच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळलेली. घरातलं कुठलंही बटण दाबायचं ते या काठीनं, लाकडी पाटावर उभं राहून, पायात रबरी चपला घालून आणि तोंड दुसरीकडे वळवून. त्यामुळे निम्म्या वेळा काठी भलत्याच बटणावर जायची, पंख्याऐवजी दिवा लागायचा, आणि मामा दचकून पाटावरून खाली यायचे. प्रत्यक्षात घर चालायचं ते मामींच्या हातानं. मामा दारात उभे राहून सूचना द्यायचे आणि मामी कणकेच्या हातानं बटण दाबून मोकळ्या व्हायच्या. “अहो, डोळे उघडा. लागला मिक्सर,” असं मामींनी म्हटल्याशिवाय मामांचे डोळे उघडत नसत.

अशा माणसाच्या नशिबी नव्वदचं दशक यावं, हा खरा अपघात. दुकानं एकाएकी भरून वाहू लागली. करोल बागेत ज्या दुकानात पूर्वी एक पंखा आणि एक इस्त्री मांडलेली असायची, तिथे छतापर्यंत खोकी आली, आणि प्रत्येक खोक्यात मामांच्या मते एकेक अहवाल दबा धरून बसलेला. दिल्लीच्या टोकाला, द्वारकेतल्या सोसायटीत फ्लॅट मिळाला तेव्हा मामींनी गीझर घ्यायचं ठरवलं. खरेदीला मीही गेले होते, कारण यादी माझ्याकडे होती. मामांनी दुकानदाराला पहिलाच प्रश्न विचारला, “ये फटेगा तो नहीं?”

“अंकलजी, बरसों से बेच रहा हूँ,” दुकानदार म्हणाला. “आज तक एक भी ग्राहक शिकायत लेके वापस नहीं आया.”

“फुटल्यावर परत कोण येणार?” मामा माझ्याकडे वळून म्हणाले.

“घ्या हो तो,” मामी म्हणाल्या. “मी लावीन, तुम्ही नुसती आंघोळ करा.”

द्वारकेत तेव्हा अर्ध्याहून अधिक फ्लॅट रिकामे होते आणि विमानं अगदी डोक्यावरून जात. जेवताना विमानाचा आवाज आला की मामा घास हातात धरून बाल्कनीत जायचे, मान वर करून पाहायचे, “चाकं काढलीत,” असं जाहीर करून परत पानावर बसायचे. चौथ्या मजल्यावर राहून त्यांनी लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही. दाराला विजेची बेल नव्हती. देवघरातली पितळी घंटा दोरीनं टांगलेली होती. नोएडाहून जाणारे आम्ही पाहुणे दारात उभं राहून आरतीसारखी घंटा वाजवायचो.

मग बऱ्याच वर्षांनी मामी गेल्या. मामांची मुलगी बंगळूरहून आली, दिवसकार्य झालं, आणि “बाबा, आता माझ्याकडे चला,” हा विषय निघाला. मामा असे काही कडाडले की शेजारचे सरदारजी बघायला आले. “मला काय धाड भरली आहे? या घरातल्या एकेका बटणाची जागा तुझ्या आईनं ठरवलेली आहे. मी कुठेही येणार नाही.” मुलगी दर रविवारी फोन करायची आणि मामा दर रविवारी सांगायचे, “उत्तम चाललंय. रोज कढत पाण्यानं आंघोळ करतो.” मुलीनंही एक अट घातली होती: जरा जरी तब्येतीची कुरकुर कानावर आली, तरी ती येऊन सामान बांधणार. फ्लॅट विकायला काढणार हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. नोएडातल्या ज्या कंपनीत मी काम करायची, ती गीझर, मिक्सर, इस्त्र्या असं सगळं बनवायची. लोक कंपनीबद्दल इंटरनेटवर काय काय बोलतात, ते दिवसभर ऐकत बसायचं आणि कंपनीच्या नावानं उत्तरं द्यायची, हे माझं काम. ऑफिसात त्याला ‘लिसनिंग’ म्हणायचे. सासूबाई त्याला दाराला कान लावणं म्हणायच्या. माझ्या पडद्यावर चांगलं बोललेलं हिरव्या रंगात यायचं, वाईट लाल रंगात, आणि ‘शॉक’, ‘आग’, ‘फुटला’ असे शब्द दिसले की लाल पट्टी लुकलुकायची आणि सगळा मजला खुर्चीवरून उठायचा. आमच्या साहेबांचा एक सिद्धांत होता. रागावलेल्या ग्राहकाचं नीट ऐकून घेतलं, तर तोच उद्या आपला प्रचारक होतो, तेही फुकट. “मॅडम, गाली देने वाला ही ताली बजाएगा,” असं ते दर सोमवारी सांगायचे.

डिसेंबरच्या एका सकाळी पट्टी लुकलुकली. साहेब धावत आले. कंपनीच्या इंटरनेटवरच्या पानावर आलेला सबंध मजकूर इंग्रजीत होता, पण त्या इंग्रजीला फायलीचा वास होता. मराठीत तो असा वाचावा लागेल: “विषय: गीझर अद्याप न फुटल्याबाबत. महोदय, आपल्या कंपनीचा गीझर आमचे येथे बसविल्यापासून आजतागायत फुटलेला नाही. तथापि, माझ्या पत्नीच्या निधनानंतर तो चालू करण्यात आलेला नाही. इतके दिवस बंद राहिल्याने फुटण्याची शक्यता वाढते किंवा कसे, याचा खुलासा व्हावा. तोपर्यंत थंड पाण्याने भागविण्यात येत आहे.” खाली सही: एक सजग ग्राहक. सोबत न्हाणीघराचा फोटो.

“नहीं फटा? तो फिर लाल क्यों हुआ?” साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. मी फोटो मोठा करून पाहिला. फोटोत गीझरखाली भिंतीला टेकून एक काठी उभी होती आणि तिच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती.

त्या क्षणापासून जी भीती माझ्या मानगुटीवर बसली ती अख्खा हिवाळा उतरली नाही. दिल्लीची थंडी, सत्तरी उलटलेला माणूस, आणि रोज थंड पाणी. हे मी मुलीला सांगितलं, तर मामांचं घर गेलं. नाही सांगितलं आणि छातीत काही भरलं, तर मामाच गेले. ह्यांना सांगायची सोय नव्हती, कारण ह्यांच्या पोटात काही राहत नाही. चहा थंड व्हायच्या आत बंगळूरला फोन गेला असता. मी स्वतः जाऊन विचारलं असतं, तर “रोज कढत पाण्यानं” हेच उत्तर मिळालं असतं. घरच्यांपुढे सिंह असलेला हा माणूस खरं बोलत होता ते फक्त एका अनोळखी कंपनीशी. तेव्हा मी कंपनीच राहायचं ठरवलं.

आधी मेकॅनिक पाठवते असं कळवलं. उत्तर आलं: “हरकत नाही. मात्र त्याच्या नातेवाइकांना पूर्वकल्पना द्यावी.” मेकॅनिक गेला, गीझर उघडून तपासला, झिजलेले भाग बदलले, चालवून दाखवला. तेवढा वेळ ग्राहक खाली बागेत उभे होते, असं त्यानं परत येऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी पानावर ओळी आल्या: “यंत्रात दोष नसल्याचे मान्य. बटण दाबण्यास मात्र हात होत नाही. पूर्वी हे काम अन्य व्यक्तीकडे होते.”

त्या ओळी मी दोनदा वाचल्या. मग लिहिलं, “साहेब, उद्या सकाळी तुम्ही बटण दाबा. आम्ही इथे हजर असू. पाणी गरम होईपर्यंत उठणार नाही.”

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं होतं की मेट्रोच्या खिडकीतून नोएडा दिसतच नव्हतं. ऑफिसात फक्त झाडूवाली होती. पडद्यावर अक्षरं उमटली: “पाटावर उभा आहे.” मी लिहिलं, “आम्ही आहोत.” मग आलं, “बटण दाबण्यात येत आहे.” आणि त्यानंतर काहीच नाही. मी वाट पाहिली. पडदा तसाच. हात ओला असेल का? पाटावरून तोल गेला असेल का? मेकॅनिकनं काही राहू दिलं असेल का? मामांनी आयुष्यभर सांगितलेले सगळे अहवाल माझ्या डोळ्यांसमोर उघडून पडले, गावाच्या नावासकट. मी मामांचा नंबर लावला, पहिली रिंग वाजायच्या आत कापला, पुन्हा लावायला घेतला. एवढ्यात पडद्यावर आलं: “पाणी गरम आहे. पाठ शेकली. चष्मा वाफेने धूसर झाल्याने विलंब. हजर राहिल्याबद्दल आभारी आहे. कळावे.”

पान सगळ्यांना दिसणारं होतं, आणि हे संभाषण किती जण वाचत होते ते मला नंतर कळलं. कुठल्या कुठल्या शहरांतून लोक लिहू लागले. “नवरा गेल्यापासून मी ओव्हन लावलेला नाही.” “आईला गॅसची भीती वाटते.” त्या प्रत्येकाला आमच्याआधी सजग ग्राहकच उत्तर द्यायचे: “घाबरू नये. काठीला रबर लावावे. सदर कंपनी उत्तर देते, हा स्वानुभव.” माझा पडदा मळ्यासारखा हिरवा झाला. साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, “मॅडम, यही है असली ब्रँड ॲडव्होकेट! इनका वीडियो बनाएँगे. चलिए, आप और मैं इनके घर चलते हैं.”

व्हिडिओत चेहरा म्हणजे बंगळूरला चेहरा. मी ताप आल्याचं सांगून पाहिलं, साहेबांनी गोळी दिली. द्वारकेच्या त्या दारात साहेब बेल शोधत राहिले. माझा हात सवयीनं दोरीकडे गेला तो मी मागे घेतला. शेवटी त्यांनीच घंटा वाजवली. मामांनी दार उघडलं. साहेबांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कंपनीच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फाईल वाचताना करायचे तसे डोळे बारीक केले.

“आइए, आइए,” मामा म्हणाले. “और मॅडम, आप द्वारका पहली बार आई हैं?”

“जी,” मी म्हटलं.

साहेब सोफ्यावर बसले ते नेमके आमच्या लग्नाच्या फोटोखाली, ज्यात मी शालू नेसून मामांच्या पाया पडते आहे. पिशवीतून भेटवस्तू निघाल्या. मामांनी कंपनीची टोपी उचलली, “बहुत बढ़िया,” म्हणाले, आणि शांतपणे उठून ती फोटोच्या खिळ्याला अशी अडकवली की माझं तोंड झाकलं गेलं.

“वीडियो नहीं,” मामांनी साहेबांना सांगितलं. “मैं सरकारी आदमी हूँ, रिटायर हुआ तो क्या हुआ. चेहरा नहीं दूँगा. चाहिए तो लाठी का फोटो ले लीजिए. और एक बात. आपके यहाँ जो जवाब लिखता है, उसको बदलना मत. उस दिन बटन मैंने उसके भरोसे पर दबाया.”

साहेब खूश होऊन उभेच राहिले. “सर, वो यही मॅडम तो हैं!”

मामांनी मला हात जोडले. “अच्छा,” ते म्हणाले. “तो आप थीं.” भिंती हादरवणारा आवाज त्या दिवशी माझ्यापर्यंत जेमतेम पोचला.

निघताना साहेब लिफ्टकडे पुढे गेले. मामा दारात पुटपुटले, “सूनबाई, बंगळूरला कळलंय?”

“नाही मामा.”

“आणि आमच्या भाच्याला?”

“त्यांना तर मुळीच नाही.”

“मग ठीक आहे.” त्यांनी दार ओढून घेता घेता परत उघडलं. “जिन्यानं उतर. लिफ्टचा भरवसा नाही.” मी जिन्यानं उतरले.

काठीची जाहिरात झाली, गाजली. मामा आणखी काही हिवाळे त्याच घरात राहिले. सोसायटीतल्या म्हाताऱ्यांच्या घरी ते सकाळी काठी घेऊन जायचे, लोक बटण दाबेपर्यंत शेजारी उभे राहायचे, आणि तोंड मात्र दुसरीकडे वळवायचे. मला रोज फोनवर दोन शब्द यायचे: “नाही फुटला.” ते वाचल्याशिवाय मी चहा घेत नसे. शेवटी दगा दिला तो गुडघ्यांनी. चार मजले चढवेनात. मुलगी म्हणाली, लिफ्ट किंवा बंगळूर. मामांनी बंगळूर निवडलं, आणि गेले ते आगगाडीनं.

पुढे आमच्या ऑफिसात उत्तरं यंत्रच देऊ लागलं आणि मला दुसऱ्या विभागात बसवलं. मामांचेही दोन शब्द थांबले. परवा थंडी पडली तेव्हा पुष्कळ दिवसांनी फोन वाजला. “येथे गच्चीवर सोलर आहे. बटणच नाही. फुटण्याची शक्यता नाही. करमत नाही. कळावे.”

मी उत्तर लिहिलं, खोडलं. मग उठून न्हाणीघरात गेले आणि तिथूनच लिहिलं, “मामा, आमचा गीझर हल्ली आवाज करतो. लावू का?”

उत्तर लगेच आलं.

“थांब. आधी चपला घाल. पाटावर उभी राहा. मी इथे हजर आहे. हं, आता दाब.”