बेटावरची कासवं आणि माझा दगड

समुद्रात पोहायची हौस उमरग्यासारख्या गावातल्या सुनेला व्हावी, याचं सगळ्यांना हसू यायचं. उमरग्यात पाणी म्हणजे आडाचं, तेही डोक्यावरून आणायचं. पण मी मूळची ईट गावाकडची. वडिलांच्या शेतात पायऱ्यांची विहीर होती आणि वडिलांना मुलगा नव्हता. त्यामुळे जे मुलाला शिकवायचं ते त्यांनी मला शिकवलं. कमरेला वाळला भोपळा बांधून त्यांनी मला पाण्यात ढकललं तेव्हा मी सहा वर्षांची असेन. पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी मोटेच्या धावेवरून मुटका, म्हणजे अंग मुडपून पाण्यात उडी, मारायला लागले, आणि आईनं कपाळाला हात लावला.

आमच्या विहिरीची एक रीत होती. उतरण्याआधी पाण्यात दगड टाकायचा. विरोळे साप कपारीत जातात, पाण्याला वर्दी मिळते, असं आबा म्हणायचे. वडिलांना आम्ही आबाच म्हणायचो. पाणी स्वच्छ राहावं म्हणून त्यांनी विहिरीत एक कासव सोडलेलं होतं. दगड टाकला की आबा लगेच भाकरीचा तुकडा टाकायचे, त्या कासवासाठी. असं करता करता त्या कासवाला सवय झाली. दगड पडला की साप खाली जायचे आणि कासव वर यायचं. मी पोहायची तेव्हा ते माझ्या भोवतीनं फिरायचं. कधी पायाला त्याची पाठ लागायची, गार आणि खरखरीत. अंगावर काटा यायचा, पण भीती कधी वाटली नाही.

लग्न झालं आणि हे सगळं एका दिवसात बंद झालं. हे, म्हणजे माझे मिस्टर, उमरग्याच्या शाळेत मास्तर. निजामाचं राज्य जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली होती, आणि यांना नव्या पुस्तकातला भूगोल शिकवायला फार आवडायचं. पृथ्वीचा तीन चतुर्थांश भाग पाण्यानं व्यापलेला आहे, असं हे मुलांकडून रोज घोकून घ्यायचे. स्वतःला मात्र गुडघाभर पाण्यात उभं राहायची भीती. माहेरी गेले तरी आई विहिरीकडं फिरकू द्यायची नाही. "लोकाची सून हायेस आता," म्हणायची. चार वर्षं मी पाण्याला अंग लावलं नाही, म्हणजे बादलीतलं सोडून.

यांचे एक मामेभाऊ कोकणात बंदरावर नोकरीला होते. नाताळच्या सुट्टीत या, असं त्यांचं पत्र आलं. समोर एक बेट आहे, होडीतून जाता येतं, बेटामागच्या संथ पाण्यात या दिवसांत मोठाली कासवं चरायला येतात, असंही लिहिलं होतं. पत्र यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मी पोळ्या लाटत होते, लाटणं तसंच राहिलं. त्याच दिवशी मी यांच्याकडून वचन घेतलं की मला एकदा, फक्त एकदा, त्या कासवांसोबत पोहू द्यायचं. "आवं, तिथं तुमच्या ओळखीचं कुत्रं बी नसणार," मी म्हणाले. यांनी मान हलवली. यांची मान हलते, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते शेवटपर्यंत कळत नाही.

मग सासूबाई म्हणाल्या, मलाही यायचंय. झालं.

एस.टी.च्या तीन गाड्या बदलून, दोन दिवस धूळ खात आम्ही पोचलो. सासूबाईंनी आठ दिवस पुरतील एवढ्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, कारण तिकडचा भात खाऊन पोट भरत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. घाट उतरताना त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मी उघडे ठेवले. मग समुद्र दिसला. मला कोणी विचारलं असतं तर मी तिथंच गाडीतून उतरले असते.

पहिले सहा दिवस कसे गेले ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी समुद्राला नारळ वाहिला आणि बजावलं, "समिंदराला हात जोडायचं असतंय. त्याच्यात धिंगाणा घालायचा न्हाय." दुसऱ्या दिवशी वारा होता, होडी निघाली नाही. तिसऱ्या दिवशी यांचं पोट बिघडलं, माशाच्या कढीनं. चौथ्या दिवशी होडी निघाली, बेटावर गेलो, पण तिथं आणखी एक कुटुंब आलेलं, म्हणून मी घडी घातल्यासारखी खडकावर बसून राहिले. हे पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि मला म्हणाले, "लई मज्जा येतीय." त्या वेळी मला काय वाटलं ते मी इथं लिहीत नाही. पाचव्या दिवशी एकादशी, सासूबाईंनी कुठं जायचं नाही म्हणून सांगितलं. सहाव्या दिवशी ओहोटीची वेळ चुकली.

मी रोज लुगड्याचा काष्टा घट्ट मारून तयार व्हायची आणि रोज संध्याकाळी कोरडीच्या कोरडी परत यायची. यांना वचनाची आठवण करून दिली की हे आईकडं बघायचे. यांच्यापेक्षा आमचं कासव बरं, असं मला वाटायचं. निदान दगड टाकला की वर तरी येतं.

सातवा दिवस शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी होती. होडीवाल्यानं त्या दिवशी आपल्या बायकोलाही सोबत घेतलं, तिला बेटावरची कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायची होती. बेटावर उतरलो तर दुसरं कोणी नव्हतं. ती बाई पदर खोचून सरळ कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि हातातल्या कोयत्यानं खडकावरची कालवं काढायला लागली. तिचा नवरा तिथंच बसून बिडी ओढत होता. सासूबाई बराच वेळ तिच्याकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं बघितलं. माझं तोंड सात दिवसांत एवढंसं झालं होतं.

"उतर एकदाची," त्या म्हणाल्या. "घरी जाईपर्यंत तुजं हे तोंड बघवायचं न्हाय मला."

होडीवाला आम्हाला बेटाच्या मागच्या बाजूला घेऊन गेला आणि पाण्याकडं बोट दाखवलं. पाणी एवढं नितळ की तळाचं शेवाळ हलताना दिसत होतं. त्यात चार कासवं चरत होती. सगळ्यात मोठं आमच्या लग्नातल्या परातीपेक्षा मोठं होतं. गाई चरतात तशी मान खाली घालून सावकाश चरत होती. मध्येच एखादं वर यायचं, श्वास घ्यायचं आणि परत खाली जायचं. होडीवाला हळू आवाजात म्हणाला, हळूच उतरा, ती घाबरत नाहीत, अंगाजवळून जातात.

आता उतरायचं, एवढंच करायचं होतं. पण सात दिवसांचा राग होता, आणि मला यांना दाखवायचं होतं. मी पदरात कडक भाकरीचे तुकडे बांधून आणले होते. "बघा," मी यांना म्हणाले, "कशी येतात ते." आणि खडकावरचा मुठीएवढा दगड उचलून पाण्यात टाकला.

दगड पडला. मी पदराची गाठ सोडली आणि भाकरीचा तुकडा हातात घेऊन वाट बघितली.

चारही कासवं एका क्षणात गेली. कुठं गेली तेसुद्धा दिसलं नाही. तळाचं शेवाळ नुसतं हलत राहिलं. होडीवाल्यानं तोंडातली बिडी काढली. "बाये, ह्यां काय केलंस?" तो म्हणाला. यांनी माझ्या हातातल्या तुकड्याकडं बघितलं, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. मी अजून वाकून पाण्याकडं बघत होते, भाकरी पुढं धरून.

मग मी पाण्यात उडी मारली. आता मागं फिरले असते तर सात दिवस फुकट गेले असते. पाणी खारट, डोळ्यांत जळजळ, आणि आजूबाजूला काही नाही. मी पोहत राहिले. थोड्या वेळानं हे खडकावरून ओरडले, "अगं, गोल गोल काय फिरालीस? तिथं भिंत न्हाय, सरळ जा की." तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी विहिरीत फिरतात तशी गोल फिरत होते. एवढा मोठा समुद्र, आणि मी ईटची विहीर सोडायला तयार नव्हते. मी रडले, पण तिथं सगळंच पाणी खारट, कोणाला कळलं नाही.

कासवं परत आली नाहीत. उन्हं उतरेपर्यंत थांबलो, मग होडीवाला म्हणाला, चला.

पुढचे सहा महिने यांनी ती गोष्ट उमरग्यात ज्याला त्याला सांगितली. शाळेत, बाजारात, पाहुण्यांत. दगड मारून कासवं बोलावणारी आमची मंडळी. सांगताना पृथ्वीवरच्या पाण्याचा हिशेबही द्यायचे. मी भांडी आदळायची. समुद्र गेला, कासवं गेली, आणि वर हे हसं. सासूबाईच एकदा यांना म्हणाल्या, "बास कर आता." तेव्हा कुठं थांबलं.

पंचमीला माहेरी गेले. विहीर वरच्या पायरीपर्यंत भरलेली. आबांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं तेही हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुजं काय चुकलं? त्यांना कुणी शिकीवलं न्हाय." मग म्हणाले, "जा, उतर आज. तुज्या आईला मी बघतो."

मी चपला तशाच टाकून पळतच गेले. पायरीवरचा दगड उचलला आणि टाकला. विरोळे सरसरत कपारीत गेले आणि कासव वर आलं. तेच होतं, पाठीवर शेवाळ जास्त झालं होतं. मान बाहेर काढून ते माझ्याकडं बघत राहिलं. मी पदर चाचपला. पदरात काही नव्हतं. पळत येण्याच्या घाईत मी भाकरीच विसरले होते.

"थांब," मी त्याला म्हणाले, आणि घराकडं धावले. चुलीपासची अर्धी भाकरी उचलली, आई काय म्हणतेय ते न ऐकता परत आले. पाणी स्थिर होतं. मी दगड टाकला. वाट बघितली. परत एक टाकला, मग आणखी एक. ते आलं नाही. एवढी वर्षं दगडामागून भाकरी यायची, आणि आज नुसता दगड आला होता. आता राग काढायला ना सासूबाई होत्या, ना हे होते, ना वारा, ना एकादशी.

भाकरी कुस्करून मी पाण्यात टाकली. लहान मासे आले आणि खाऊन गेले. मागोमाग काठावर आलेले आबा वरून म्हणाले, "उतरली न्हायस व्हय अजून?"

मी त्या दिवशी उतरले नाही.