हाय तेवढंच हाय

गालावर कोड आलं तेव्हा मी नववीत होते. सेलूत कापसाच्या जिनिंगच्या मागे आमचं घर. पुढं पाहुणे मला बघायला यायचे, पोहे खायचे आणि उठताना एखादी बाई हळूच विचारायची, वाढायलंय का? माय लगेच सांगायची, "न्हाई, हाय तेवढंच हाय." या उत्तरानं एकही सोयरीक जमली नाही, पण ते तिच्या जिभेवर बसलं ते बसलंच.

मग कळलं की औरंगाबादला मांडीची कातडी काढून गालावर लावतात. डॉक्टरांनी तपासून बजावलं, कोड दोन वर्षं थांबलेलं असेल तरच हे करायचं. वाढतं असलं तर जिथं जखम होईल तिथंही पांढरं पडतं. माझं थांबलेलं होतं. तारीख मिळाली आणि नेमक्या नामांतराच्या बंदात गाड्या अडकल्या. दुसऱ्या तारखेपर्यंत कमरेवर, परकराची नाडी काचते तिथं, शेंगदाण्याएवढा नवा डाग उमटला. गाडीत मी म्हटलं, डॉक्टरांना सांगू या. माय म्हणाली, कमरेचं कोण बघायलंय?

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नवीन काही आलं का? मायनं पाहुण्यांना द्यायची तेच उत्तर दिलं. आपण खोटं बोललो हे तिच्या ध्यानातही आलं नसावं.

गालात बारीक खड्डे करून मांडीचे तिळाएवढे तुकडे बसवले, मिरचीची रोपं लावावीत तसे. पट्टी सुटेपर्यंत बोलायचं नाही, चावायचं नाही. माय पेज पाजायची. पट्टी निघाली, तुकडे तपकिरी दिसले, तेव्हा आम्ही दोघी हरखून रडलो. नवी साडीसुद्धा घेतली.

दिवाळीपर्यंत ते तुकडे एकेक करून पांढरे झाले. त्यानंतर मांडी. धड म्हणून जिथली कातडी काढली, ती जागाही गेली. मला मायचा भयंकर राग यायचा, पण तिच्याकडं बघितलं की बोलवत नसे. ती खंगत चालली होती.

एके दुपारी भाकरी थापता थापता ती थांबली. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "मांडीवरचं वाढायलंय का गं?"

ते गुडघ्याच्या खाली उतरलं होतं. मी साडीचा काठ पायावर ओढून घेतला.

"न्हाई माय," मी म्हणाले, "हाय तेवढंच हाय."