जुनी विमानं उडवतात कशाला?

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मोबाइलवर परदेशातल्या हवाई कसरतींचा व्हिडिओ आला. महायुद्धाच्या काळातलं चार इंजिनांचं एक बॉम्बफेकी विमान माळावरून खाली येत वळलं, वळता वळता एका बाजूला कलंडलं आणि झाडांमागे गेलं. मग नुसता धूर. खाली कुणीतरी लिहिलं होतं, तसली उडणारी विमानं आता जगात बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत.

आप्पा चहा घेत होते. आप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे देवळ्याचे, पण सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, पंख जोडायच्या कामावर. मी त्यांना व्हिडिओ दाखवला.

"आत किती जण होते?" त्यांनी विचारलं.

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. "इतकी कमी उरलीत, तर उडवतात कशाला, आप्पा? संग्रहालयात ठेवली तर सुखरूप तरी राहतील."

"राहतील की," ते म्हणाले. "मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा एक जुनं दुपंखी लढाऊ विमान आलं होतं आमच्याकडे, एकावर एक पंखांच्या दोन जोड्या असलेलं. कापडाचे पंख."

"कापडाचे?"

"कापडाचेच. मी त्यावर हात ठेवून उभा होतो आणि इंजिन सुरू झालं. पंख असा थरथरला, पार माझ्या कोपरापर्यंत आलं ते. बंद विमानाला हात लावून हे कळत नाही गं." कप खाली ठेवत ते म्हणाले, "पुढं काही वर्षांनी दुसरीकडं कुठंतरी कसरती करताना ते पडलं. चालवणारा गेला. पेपरात वाचलं आम्ही. त्यानंतर मी कसरती बघायला गेलो नाही."

हे मला आजवर माहीत नव्हतं. आम्हा भावंडांना वाटायचं, रोज विमानंच बघून यांना कंटाळा आला असेल.

पुढे गंगापूर धरणावर हवाई कसरती होणार असं कळलं. त्यात दुरुस्त करून पुन्हा उडतं केलेलं एक जुनं विमानही होतं. "याल का?" मी भीत भीतच विचारलं. ते स्वेटर घालून आले.

जेट विमानं आली तेव्हा सगळ्यांचे मोबाइल वर गेले. मग ते जुनं आलं, सावकाश, जाडसर आवाज करत. आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं. विमानाने पाण्यावर दोन फेऱ्या मारल्या, पंख हलवले आणि डोंगरापलीकडे गेलं. 'संग्रहालयात ठेवा' म्हणणारी मी, आणखी एक फेरी मारायला हवी होती म्हणून हळहळत होते.

गर्दी पांगायला लागली. आप्पा जागचे हलेनात.

"चला, नाहीतर ट्रॅफिकमध्ये अडकू."

"उतरू दे आधी."

"ते ओझरला उतरणार. इथून कसं दिसेल?"

"माहितीये मला. तरी उतरू दे."

वारा बोचत होता. आम्ही शेंगा खात उभे राहिलो. बऱ्याच वेळाने मी मोबाइलवर बातम्या चाळल्या. "काहीच बातमी नाही, आप्पा."

"मग उतरलं," ते म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.