तेरडा हातात, तोंड बंद

कालपासून हे लिहायचं टाळतेय. रात्री बसले होते, पण मध्येच रानहळदीचा एक फोटो शोधायला गॅलरी उघडली आणि तासभर जुने फोटोच बघत बसले... माझं हे असंच. कॉलेजही असंच सुटलं, जाऊ दे.

तर आमच्या घरात खाली काका-काकू, वर आम्ही. बाबा आणि काका माझ्या जन्माआधीपासून एकाच पक्षात, एकाच स्कूटरवरून सभेला जाणारे. मग पक्ष फुटला. एक या गटात, दुसरा त्या गटात, आणि तेव्हापासून भाऊ भावाशी बोलत नाही.

म्हणजे फॅमिली ग्रुपवर बोलतात, फॉरवर्ड टाकून. एकाचा व्हिडिओ आला की दुसऱ्याचा दोन मिनिटांत हजर. आणि वरून गल्लीत दिवसभर भोंगा लावलेल्या रिक्षा... डोकं उठलंय नुसतं.

त्यात आल्या गौरी. आमच्याकडे मुखवटे नसतात, तेरड्याची गौर असते. रानातून मुळासकट उपटून आणायची आणि खाली काकांकडे बसवायची, सगळ्या घराची मिळून एकच.

यंदा बाबांनी जाहीर केलं, आपली वेगळी बसवायची, वर. एका घरात दोन गौरी म्हणजे घर फुटलं, त्याला आता सहीशिक्क्याची गरज नाही. काकू गच्चीवर कपडे वाळत घालता घालता रडली.

आणि तेरडा आणायचा कुणी? घरातल्या बिनलग्नाच्या पोरीनं, म्हणजे मीच. बाबा म्हणाले, "दोन जुड्या आण." काकू हळूच म्हणाली, "एकच आण गं भिंगरे." वा! पक्ष यांनी फोडायचे आणि निकाल मी द्यायचा?

काल सकाळीच गाडी काढली. त्र्यंबक रोडला, अंजनेरीच्या अलीकडे लावली आणि चढायला लागले. फोन खिशात थरथरत होता. शेवटी बंदच केला.

आणि मग... काय सांगू. अख्खा उतार गुलाबी. मध्ये मध्ये सोनकीचे पिवळे ठिपके, पाणथळ जागी ती बारीक निळी सीतेची आसवं. मी आले होते तेरडा घ्यायला आणि बसले तेरड्याच्या शेंगा फोडत. पिकलेली शेंग बोटात धरली की फट्‌कन फुटते आणि बी उडतं. लहानपणी तासन् तास केलंय हे. किती महिन्यांनी डोक्यातला भोंगा बंद झाला होता.

तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. हसू आलं. आमच्या पुढाऱ्यांचा तेवढा तरी कुठे टिकतो?

भानावर येऊन पहिली जुडी उपटली. दुसरी मागच्या झुडपातून घ्यावी, असं ठरवलं होतं. आता नियम असा की तेरडा हातात आला की घरात पाटावर ठेवेपर्यंत तोंड उघडायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, गौर जमिनीला टेकवायची नाही.

आणि नेमकं तेव्हाच चार-पाच जण झेंडा घेऊन वर आले. गळ्यात उपरणी. रील काढायचं होतं. सरळ फुलांत घुसले, बूट घालून!

एरवी मी काय काय बोलले असते, तुम्हाला माहितीये. पण तोंड बंद! जिथे होते तिथेच उभी राहिले, त्यांच्या फ्रेमच्या बरोब्बर मध्ये.

"ओ ताई, जरा सरका ना. भाऊंचा व्हिडिओ हाय."

मी ढिम्म.

"ताई, ऐकू येतं का नाय?"

रागानं कान गरम झाले होते माझे. तेवढ्यात त्यांच्यातला एक दाढीवाला, माझ्याच वयाचा असेल, म्हणाला, "अरे गप ए. गौर हाय त्यांच्या हातात. त्या नाय बोलणार."

त्यानं बूट काढले, गौरीला हात जोडले, झेंडा काठीला गुंडाळला. "चला रे, खाली रस्त्यावर काढू," म्हणाला, आणि सगळे फुलं चुकवत चुकवत खाली गेले.

झेंडा कुठल्या गटाचा होता ते सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही कमेंटमध्ये तेवढंच धरून बसाल.

मीही उतरले. ओढणीत तेरडा पाठीशी बांधला, गाडीला किक मारली आणि मग आठवलं, दुसरी जुडी राहिली. पण आता परत फिरायचं म्हणजे मागे वळणं आलं. खरं सांगते, इतकं हायसं कधीच वाटलं नव्हतं.

गेटवरच बाबा. "दुसरी कुठंय?" मी पाठीवरचा तेरडा सोडून हातात घेतला. ओट्यावरून काका, "दुसरी कसली?"

बाबा माझ्याकडे बघत, "सांग त्याला."

"तिला काय सांगायला लावतोस? गौर आहे तिच्या हातात. मला सांग ना!"

किती महिन्यांनी एकमेकांशी थेट बोलले, तेही भांडायलाच. बाबा ताडताड जिना चढून वर गेले. काकूनं उंबऱ्यात माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं आणि गौर खाली बसली. एकच.

आज पुरणाचा नैवेद्य. आई सकाळपासून खालीच आहे. आणि बाबा? वर, डिबेट बघतायत. काल आरतीलाही उतरले नाहीत. गौर एक आणून घर एक होत नाही, हे कळलंय मला. वैताग आलाय, अक्षरशः वैताग.

पण त्या दाढीवाल्याला थँक्यू म्हणायचं राहून गेलं होतं, तोंड बंद होतं ना. म्हणून ही पोस्ट. दादा, वाचत असशील तर, थँक्यू. बूट काढलेस, फार बरं वाटलं.

थांबा, बेल वाजली...

काका आलेत. वर, आमच्या दारात. सोवळं नेसून, अनवाणी. म्हणतायत, "पानं वाढलीत. बाबा कुठंय तुझा?"