खंडेनवमीला काढलेली डिस्क

आमचे भावोजी दिवाकरराव निवृत्त झाले आणि घरातल्या कॉम्प्युटरच्या मागे लागले. झाशीतल्या आमच्या जुन्या मराठी घरांतली माणसं या वयात पोथीकडे वळतात. भावोजी वळले सदर बाजाराकडे. तिथून एक जास्तीची हार्ड डिस्क ऑटोत मांडीवर घेऊन आले आणि सीपीयूच्या डब्यात, पहिलीच्या खाली, बसवून टाकली. "एक बिघडली तर दुसरी आहे, सरला," हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की माझे कान किटले. बाहेरगावी नोकरीला असलेल्या मधुसूदननं, म्हणजे त्यांच्या मुलानं, एक प्रोग्रामही लावून दिला. सकाळी मशीन सुरू झालं की दुसरी डिस्क हुबेहूब पहिलीसारखी व्हायची. पहिलीत आलं ते दुसरीत यायचं, पहिलीतून गेलं ते दुसरीतूनही जायचं. यातल्या जाण्याचा विचार तेव्हा कोणीच केला नाही.

त्या डिस्कमध्ये होती माझी थोरली बहीण, प्रेमलाताई. मंगळागौरीची गाणी, आरत्या, गौरी जेवतानाची गाणी तिला तोंडपाठ. पण गायला म्हणून ती कधी बसायची नाही. भाजी चिरता चिरता, कणीक मळता मळता गायची, आणि भावोजी टेपरेकॉर्डर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचे. निवृत्तीनंतर त्यांनी सगळ्या कॅसेटी मशीनमध्ये उतरवल्या. मग बुरशी लागली म्हणून कॅसेटी टाकूनही दिल्या. दुसरी डिस्क होती ना!

खंडेनवमीला आमच्याकडे रोजच्या वापरातली हत्यारं पाटावर मांडून पुजतात. शेजारचे हिंदीवाले विश्वकर्मापूजेला तेच करतात, म्हणून त्यांना नवल वाटत नाही. त्या वर्षी विळी, अडकित्ता, कात्री यांच्या रांगेत भावोजींनी दुसरी डिस्क सीपीयूतून काढून आणून ठेवली. ताई हसली. "अहो, अख्खं मशीनच का नाही पुजत?"

"ते सगळ्यांना दिसतं. ही बिचारी आत बसून राबते," भावोजी म्हणाले आणि डिस्कला हळदकुंकू लावलं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, म्हणून ती रात्रभर पाटावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं वाटायला निघायच्या आधीच ताई ओट्यापाशी कोसळली. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. सगळे दवाखान्यात होते, तेव्हा कामाच्या गोदूबाईंनी पाटावरचं सगळं लाल फडक्यात गुंडाळून देवघराखालच्या कप्प्यात सारलं. विळी, कात्री लागतील तशा बाहेर निघाल्या. डिस्क कोणाला लागणार?

पुढचे महिने मी भावोजींना फक्त थकताना पाहिलं. ताईला कुशीवर वळवायचं, तेल लावायचं, पेज भरवायची, चादरी धुवायच्या. मी जवळच राहते, जमेल तेवढं करते, पण रात्रंदिवस ते एकटेच. सकाळी सवयीनं मशीन लावायचे. पडद्यावर इंग्रजीतून काहीतरी तक्रार यायची. ते न वाचताच बंद करायचे. "हल्ली वाचायलासुद्धा अंगात जोर लागतो गं," म्हणायचे.

संक्रांतीला मधुसूदन आला. मशीन गच्च भरलंय, रडतखडत चालतंय, हे पाहून त्यानं आईच्या गाण्यांचे सगळे फोल्डर पहिल्या डिस्कवरून उडवले, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. दुसरीवर आहेतच, हा त्याचा हिशोब; आपणच लावलेल्या प्रोग्रामचं त्याला भान राहिलं नाही. पोरगा वाईट नाही, घाईचा आहे.

तो परत गेल्यावर थोड्या दिवसांनी दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाई भावोजींना म्हणाल्या, "अंकलजी, इनके अपने गाने सुनाइए. जो बोल नहीं पाते, कभी-कभी साथ में गा लेते हैं."

त्या दिवशी भावोजी जिना भराभर चढले. मशीन लावलं. गाणी नव्हती. दुसरी डिस्क दिसतच नव्हती. मधुसूदनला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला, मशीन बंद करून डबा उघडला. खालची जागा रिकामी होती, दोन तारा नुसत्याच लोंबत होत्या. भावोजी जमिनीवर बसले आणि रडायला लागले. तिचं बोलणं गेलं होतं, आता आवाजही गेला.

मग एकाएकी त्यांनी तोंड पुसलं. "सरला, खंडेनवमी!"

कप्प्यातून मीच ते फडकं काढलं. डिस्कवरचं कुंकू वाळून काळपट झालं होतं. भावोजींनी ती आत सरकवली, तारा लावल्या आणि बटणाकडे बोट नेलं.

"बाबा, रुकिए!" फोनमधून मधुसूदन ओरडला. "ती जोडून चालू नका करू अभी! पहिलीवर नाही ना, तो मशीन उसमें से भी सब मिटा देगा!"

मी भावोजींचा हात धरून मागे ओढला. तारा पुन्हा काढल्या. मधुसूदननं फोनवरून सांगितलं तसा आधी तो प्रोग्राम बंद केला. पुसायचं काम यापुढे मशीनकडे द्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. मग कुठे डिस्क जोडली. खंडेनवमीपर्यंतची एकूण एक गाणी जागच्या जागी होती. डिस्क मशीनमध्येच जोडलेली राहिली असती, तर संक्रांतीनंतरच्या पहिल्याच सकाळी साफ झाली असती.

ताईच्या उशाशी स्पीकर ठेवला. तिचा जुना, भरदार आवाज खोलीत आला. मागे पोळपाटाची खटखट. ताई छताकडे बघत पडून होती. एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. भावोजी खुर्चीत मान टाकून बसले होते, थकव्यानं त्यांचे डोळे मिटत होते. तेवढ्यात स्पीकरमधली ताई गाणं अर्धवट तोडून ओरडली, "अहो, तो टेप ठेवा आणि दूध बघा! उतू जातंय!"

खाटेवरच्या ताईचे ओठ हलले. घशातून काहीतरी घरघरलं. मग तुटक, पण स्पष्ट आलं, "दूध."

भावोजी ताडकन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. शेगडीवर काहीच नव्हतं. त्यांनी तरीही बटण चाचपलं, क्षणभर ओट्याला धरून उभे राहिले, आणि परत येऊन तिच्याजवळ बसले.

"बंद केला गं गॅस," म्हणाले. "नाही जात उतू."