उल्टेबाबूंचा संकल्प

झाँसीतल्या मराठी घरांत बरीच वर्षं एक कुजबुज चालली होती. बायका ती पदराआड सांगत, पुरुष उघड. म्हणे बासष्ट साली अष्टग्रहीत जग बुडणार म्हणून सगळे होमाला बसले, तेव्हा कशावरच विश्वास नसलेले विद्याधर ढवळे तोंडाला मफलर गुंडाळून मांडवात शिरले, आणि जिवाच्या भीतीनं आपलं नाव भटजींकडून दोनदा वाचून घेतलं. दोनदा! ग्रहांच्या ऐकण्यात चूक राहायला नको.

ढवळे म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यावरचे कारकून. शहराच्या नगरा वस्तीत दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात ते आणि त्यांची थोरली बहीण अंबिका. ही अक्का सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, पाठोपाठ आई गेली, आणि दोन वर्षांचा विद्याधर तिच्या कडेवर आला तो पुढे उतरलाच नाही म्हणा ना. लग्न सगळेच करतात, म्हणून त्यांनी केलं नाही. निदान सांगत तरी असं. मुली बघायला गेले होते, आणि एकीनं नकार दिला होता, हेही खरं. पण ते राहू दे.

मोहल्ल्यात त्यांना ‘उल्टेबाबू’ म्हणत. लोक एका बाजूला निघाले की हे दुसऱ्या. आणि त्यात कधीकधी ते बरोबर निघत, हीच तर पंचाईत होती. एका साधूनं नगऱ्यात जमिनीखाली सात दिवसांची समाधी घेतली, अख्खी वस्ती फुलं वाहून आली. उल्टेबाबू मात्र तिसऱ्या दिवशी छावणीच्या बाजूला सायकल मारत गेले आणि साधूमहाराजांना एका हलवायाच्या दुकानात जिलबी खाताना गाठून परत घेऊन आले. तेव्हापासून त्यांची मान जरा जास्तच ताठ झाली.

पण त्याच मानेनं एकदा घात केला. देवीची साथ आली, टोचून घ्यायला सगळी गल्ली रांगेत उभी राहिली. ‘सगळे जातायत म्हणजे काहीतरी गडबड आहे,’ म्हणून हे एकटे घरी. बाविसाव्या दिवशी अंगभर फोड. अक्कानं कडुनिंबाच्या डहाळ्यांनी वारा घालत महिनाभर जागून त्यांना वाचवलं. चेहऱ्यावरचे वण तेवढे राहिले. अक्कानं त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही, आणि ते त्यांना जास्त लागे.

तर अष्टग्रही. आठ ग्रह एका राशीत येणार, तीन दिवस धोक्याचे. मराठी मंडळींनी शांतीहोम ठरवला. रीत अशी की घराघरातून शिधा जायचा, आणि होमात प्रत्येक घराच्या कर्त्या पुरुषाचं नाव, गोत्र घेऊन संकल्प व्हायचा. त्यानं स्वतः येऊन तळहातावर पाणी घ्यायचं आणि सोडायचं. ज्याचं नाव वाचलं ते घर आत, नाही वाचलं ते बाहेर. बायकांचं नाव तिथे येत नसे; विधवेचं तर नावच काढू नका.

नारायणराव भटजी वही घेऊन दारात आले. “विद्याधरपंत, नाव घालू ना?”

“नारायणराव, ग्रहांना माझा नगऱ्यातला पत्ता ठाऊक नाही. तुम्ही कशाला कळवताय?”

“चेष्टा पुरे. सगळ्यांची नावं आलीत.”

“म्हणूनच माझं नको.”

भटजी वही मिटून गेले. आत अक्का डाळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं.

शनिवारी मालधक्का ओस पडला. गरौठ्याकडचा एक हमाल गाठोडं घेऊन निघताना म्हणाला, “मरना ही है तो अपने गाँव में मरेंगे, बाबूजी. काए, आप नईं जा रए कहूँ?” ढवळे रिकाम्या शेडमध्ये खुर्ची टाकून राजासारखे बसले. मंगळवारी सकाळी सूर्य उगवेल तेव्हा कोणाला काय बोलायचं, ती वाक्यं महिनाभर घोटून ठेवलेली होती. त्यांना धार काढत बसले.

रविवारी सकाळी पोळीचा डबा उघडला, तर अक्काच्या वाट्याच्या पोळ्या शुक्रवारपासून तशाच, वाळून पापड झालेल्या.

“अक्का, हे काय? उपास?”

“उपास कसला. घास उतरत नाही रे.”

“ग्रह डोक्यावर पडणार म्हणून?”

“माझं काय, साठी झाली. सगळ्यांची नावं आत गेली. तू एकटा बाहेर राहिलास.”

मग ढवळ्यांनी लिंबू, बोरं आणि मिरीदाणे मांडून ग्रह किती लांब आहेत ते समजावलं. पोरानं पाढे म्हणावे तसं तिनं कौतुकानं ऐकलं. “छान सांगितलंस,” म्हणाली, आणि बोरं उचलून ठेवली. मग त्यांनी स्वतः पिठलं केलं. तळाला लागलेलं. तिनं भावाचं मन राखायला एक घास घेतला आणि मोरीवर जाऊन टाकला. परत येताना तिला भिंत धरावी लागली.

ढवळे चिडले. चिडण्याखेरीज त्यांना काही सुचेना. “लोक करतात म्हणून आपण करायचं?”

“आणि लोक करतात म्हणून करायचं नाही, ते काय वेगळं रे?” अक्का भिंतीला टेकून म्हणाली. “कुठं जायचं ते ठरवायला तूही आधी लोकांकडेच बघतोस.”

ढवळ्यांचा हात गालावरच्या वणांकडे गेला. थोड्या वेळानं त्यांनी खुंटीवरचा मफलर काढला.

मांडवाच्या तोंडाशी चपला-जोड्यांवर लक्ष ठेवायला तानाजी हवालदार होता, बबिन्याच्या लष्करी छावणीतल्या पलटणीतला. तो पाळतीवरच असल्यासारखा ओरडला, “आयला, हे नाक तर मालधक्क्यावरचं!” शंभर माना वळल्या. पुढचं जे गावभर झालं ते तानाजीच्याच तोंडून. ढवळे भटजींसमोर बसले. भटजींनी गोत्र विचारलं, तर ह्यांना आठवेना. मागून कोणीतरी सांगितलं. ओठ हलले, पाणी सुटलं. झालं म्हणावं, तर ढवळे उठेनात. पुन्हा हात पुढे. भटजी मान हलवून नाही म्हणतायत, हे काहीतरी कुजबुजतायत. मागची रांग तुंबली. कोणी ओरडलं, “ओ भैया, जल्दी करो, दुनिया ख़तम होने वाली है!” शेवटी भटजींचे ओठ परत हलले, पुन्हा पाणी सुटलं, आणि ढवळे मफलर न गुंडाळताच, उघड्या तोंडानं सगळ्यांमधून चालत बाहेर आले.

घरी अक्का दारातच होती. “वाचलं?”

“वाचलं.”

“नीट?”

“नीट.”

तिनं ताट घेतलं. दोन पोळ्या खाल्ल्या, वर ते लागलेलं पिठलंही पुसून खाल्लं. ढवळे समोर बसून बघत राहिले.

मंगळवारी सूर्य उगवला. होमानं तारलं, असं मंडळी म्हणाली, आणि ढवळ्यांना घोटून ठेवलेलं एकही वाक्य वापरता येईना. मालधक्क्यावर चहावाल्यापासून साहेबापर्यंत एकच: “उल्टेबाबू सीधे हो गए!” अक्का जेवत नव्हती, एवढं सांगितलं असतं तरी तोंडं बंद झाली असती. पण मग हसू तिच्या वाट्याला गेलं असतं. ते गप्प राहिले. दोन वर्षांनी नगऱ्यात एक बाबा आला, बाटलीतलं पाणी देऊन आंधळ्याला दृष्टी देतो म्हणणारा. ढवळ्यांनी जीव तोडून सांगितलं, हा लुच्चा आहे. लोक म्हणाले, “आप तो रहने दो, दो बार नाम पढ़वाने वाले!” शेजारच्या पार्वतीबाईंनी ते पाणी डोळ्यांत घातलं, आणि अधू होता तो डोळा पुरता गेला. त्या दिवशी ढवळे जेवले नाहीत.

अक्का चौऱ्याहत्तर साली गेली. त्यानंतर नारायणरावांनी, म्हातारपणी, जे झालं ते सांगितलं. एकच नाव दोनदा वाचलं गेलं नव्हतं. पहिलं विद्याधराचं होतं, दुसरं अंबिकेचं. बाईचं नाव संकल्पात घेत नाहीत म्हणून भटजी अडले होते, आणि घर तिचं आहे, ते घेतल्याशिवाय उठणार नाही म्हणून ढवळे. ढवळ्यांचा त्या होमावर विश्वास नव्हता.